चटणीतलं जवस, चाचणीतलं जवस

जाफराबाद तालुका जालना जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, बुलढाण्याच्या शिवेला लागून आहे. या तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या आसपास मराठवाडा कुठं संपतो आणि वऱ्हाड कुठं सुरू होतं, हे ताटावरून सांगता येत नाही. दोन्हीकडं ज्वारीची भाकरी, दोन्हीकडं जवसाची चटणी. लोखंडी तव्यावर जवस तडतडेपर्यंत भाजायचं, गार झालं की लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून कुटायचं, भाकरीवर घेऊन वरून तेलाची धार सोडायची. भाजी नसेल त्या दिवशी एवढ्यावर जेवण होतं.

याच जवसाला अलीकडं दुसरी ओळख मिळाली आहे. घरात कुणाला शुगर निघाली की दवाखान्यातून परतायच्या आत दोन-तीन जण सांगतात: जवस सुरू करा. कुणी अख्खे दाणे पाण्याबरोबर गिळायला सांगतं, कुणी चटणी वाढवायला, कुणी तेलाच्या कॅप्सूल आणायला. किती खायचं, कोणत्या रूपात, किती दिवस आणि कशाच्या जागी, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. खरं उत्तर याच चार प्रश्नांत आहे. गेल्या वीसेक वर्षांत जवसावर माणसांमध्ये बऱ्याच चाचण्या झाल्या. वरवर पाहिलं तर त्यांचे निकाल एकमेकांना छेद देतात. पण भुकटी, तेल, डिंक आणि अर्क यांच्या चाचण्या वेगवेगळ्या लावून पाहिल्या की त्यांतली संगती दिसू लागते.

दाण्याच्या आत

शंभर ग्रॅम जवसात साधारण ४२ ग्रॅम तेल, २७ ग्रॅम तंतू आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात. उष्मांक भरतात ५३०च्या आसपास. रक्तात लगेच साखर होऊन उतरतील अशी पिष्टं त्यात जवळजवळ नसतात. मधुमेहाच्या दृष्टीनं एवढीच गोष्टही महत्त्वाची आहे, पण संशोधकांचं लक्ष दाण्यातल्या आणखी तीन घटकांवर आहे.

पहिला घटक तेलातला. जवसाच्या तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलांत ते नावापुरतंच सापडतं. मासळीत मिळणारी ओमेगा-३ आम्लं याहून लांब साखळीची असतात. आपलं शरीर जवसातल्या आम्लापासून ती बनवू शकतं, पण फार थोडी. म्हणून जवस खाल्लं म्हणजे मासळी खाल्ली, हा हिशेब बरोबर नाही.

दुसरा घटक सालीतला. जवस पाण्यात भिजवलं की दाण्याभोवती बुळबुळीत थर चढतो. हा विरघळणाऱ्या तंतूंचा डिंक. पोटात गेल्यावर तो अन्न घट्टसर करतो, जठर रिकामं व्हायला वेळ लावतो आणि जेवणानंतर साखर एकदम उसळण्याऐवजी हळू चढते. आतड्यात तो पित्तरसाला धरून बाहेर नेतो. मग नवा पित्तरस बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं.

तिसरा घटक लिग्नान. इतर धान्यं आणि भाज्यांच्या तुलनेत जवसात तो कित्येक पटींनी जास्त असतो. लिग्नान जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि मगच तो रक्तात जातो. दोन माणसांच्या आतड्यातले जिवाणू सारखे नसतात, त्यामुळं एकच चमचा दोघांच्या रक्तात वेगवेगळा परिणाम दाखवू शकतो.

आता साल. जवसाची साल गुळगुळीत आणि चिवट असते. न चावता गिळलेले दाणे पुष्कळदा जसेच्या तसे बाहेर पडतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली बारा निरोगी माणसांना एकदा अख्खं, एकदा भरडलेलं आणि एकदा दळलेलं जवस देऊन रक्तात उतरलेला लिग्नान मोजला. दळलेल्या जवसातून मिळाला तो शंभर धरला, तर भरडलेल्यातून ४३ आणि अख्ख्यातून फक्त २८ मिळाला. सकाळी पाण्याबरोबर दाणे गिळणाऱ्याच्या तुलनेत कुटलेली चटणी खाणारा त्यामुळं आधीच पुढं आहे.

रान सुटलं, ताटात राहिलं

जवस रब्बीचं पीक. ऑक्टोबरात पेरायचं, जमिनीतल्या ओलाव्यावर वाढवायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या झडतात. बोंडात जास्तीत जास्त दहा दाणे. भारी काळ्या जमिनीत, ज्वारी-हरभऱ्याच्या सोबतीनं ते फारसं काही न मागता येई. तेल निघाल्यावर पेंड गुरांना, जवसाचं पोटीस गळवावर, तेल दाराच्या लाकडाला. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जवस युरोपला जाई. हवा लागली की त्याचं तेल सुकून कडक पापुद्रा धरतं, म्हणून रंग आणि व्हार्निशच्या कारखान्यांना ते हवं असे. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन याने इंग्लंडमध्ये याच तेलापासून लिनोलियम हे जमिनीवर अंथरायचं आवरण बनवलं.

सिंचन आलं, कपाशी आणि सोयाबीन वाढलं, पामतेल स्वस्त झालं आणि जवसाचं क्षेत्र देशभर आक्रसलं. जालना शहर १९६० नंतर बियाणे उद्योगासाठी नावारूपाला आलं, पण संकरित बियाण्याचा धंदा कपाशी, मका, ज्वारी आणि भाजीपाल्याभोवती फिरला. जवसावरचं काम सरकारी केंद्रांत चालू राहिलं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून एनएल-९७सारखे वाण आले, तर लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रातून एलएसएल-९३. पुढं राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पात पुण्याच्या भारती विद्यापीठानं जवसाच्या मूल्यसाखळीवर काम केलं. कोंबड्यांच्या खाद्यात जवस मिसळून ओमेगा-३ असलेली अंडी मिळवणं हा त्याचाच भाग होता. म्हणजे आरोग्यासाठी जवस ही कल्पना महाराष्ट्रात बाहेरून आलेली नाही.

खेड्यातली शुगर

मधुमेह शहरातल्या बैठ्या माणसाचा, हा समज आता सोडायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. शहरात हे प्रमाण १६.४ आणि खेड्यात ८.९ टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांकडं पाहा: शहरात १५.४ टक्के, खेड्यात १५.२ टक्के. उंबरठ्यावर शहर आणि खेडं यांत फरकच उरलेला नाही.

अंगानं किडकिडीत माणसाला शुगर कशी, या प्रश्नाचं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, म्हणजे बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. हातपाय बारीक, पण पोटाशी आणि अवयवांभोवती चरबी, ही आपली ठेवण आहे. म्हणून शुगर असलेल्या माणसानं एकच आकडा बघून चालत नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर हे पाच आकडे मिळून चयापचयाचं आरोग्य ठरतं. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर. यांच्या जोडीला एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. मधुमेहाच्या रुग्णांचा जीव बहुतेक वेळा साखरेनं थेट जात नाही, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं जातो. जवसाची परीक्षाही या सगळ्या आकड्यांवर घ्यायला हवी.

चाचण्यांचे निकाल

सुरुवात बडोद्यापासून करू. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अठरा मधुमेहींना महिनाभर रोज १० ग्रॅम जवसाची भुकटी दिली, अकरा जणांना दिली नाही. जवस खाणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर जवळपास २० टक्क्यांनी उतरली आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, सुमारे १५ टक्क्यांनी. ‘जवसानं शुगर उतरते’ असं सांगणाऱ्यांना असा आकडा आवडतो. पण माणसं थोडी, कोण काय खातंय हे सगळ्यांना माहीत, आणि काळ एका महिन्याचा. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. एचबीएवनसी त्या पेशींवर मोजतात, त्यामुळं महिन्याभरात त्यात एवढी घट दिसली तर ती जपूनच वाचावी. पथ्याला लागलेला माणूस महिनाभर भातही कमी खातो, चालायलाही जातो. त्या घटीत जवसाचा वाटा किती, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २००९ साली वेगळा मार्ग धरला. त्यांनी जवसाचा फक्त डिंक काढला आणि रोज ५ ग्रॅम डिंक गव्हाच्या चपात्यांत मिसळून मधुमेहींना तीन महिने दिला. उपाशीपोटीची साखर सरासरी १५४वरून १३६वर आली, एकूण कोलेस्टेरॉल १८२वरून १६३वर. निकाल चांगला आहे, पण मात्रा बघा. जवसाच्या वजनात डिंक साधारण आठ टक्के. पाच ग्रॅम डिंकासाठी ६० ग्रॅमच्या वर जवस लागेल. एवढं जवस रोज कुणी खात नाही, खाऊही नये.

तेलाची गोष्ट उलट. कॅनडात मधुमेहींना बारा आठवडे एकीकडं रोज ३२ ग्रॅम दळलेलं जवस आणि दुसरीकडं १३ ग्रॅम जवसाचं तेल देऊन पाहिलं गेलं. त्यांची साखर आधीपासून बऱ्यापैकी आटोक्यात होती, आणि दोन्ही गटांत ती होती तशीच राहिली. रक्तातलं ओमेगा-३ मात्र वाढलं. शांघायमध्ये ७३ मधुमेहींना लिग्नानच्या अर्काची गोळी बारा आठवडे दिली. एचबीएवनसीत एक दशांश टक्क्याच्या आसपास फरक पडला. उपाशीपोटीची साखर, इन्सुलिन आणि कोलेस्टेरॉल हललं नाही.

उंबरठ्यावरच्या माणसांचा निकाल आणखी विचार करायला लावतो. अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतल्या स्थूल माणसांवर झालेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. रोज १३ ग्रॅम दळलेल्या जवसानं साखर आणि इन्सुलिन दोन्ही थोडं उतरलं. २६ ग्रॅमनं उतरलं नाही. जास्त खाल्लं म्हणजे जास्त गुण, असं इथं घडलं नाही.

अशा पंचवीस चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१८ साली मांडला गेला. उपाशीपोटीची साखर सरासरी तीन मिलिग्रॅमच्या आसपास कमी, इन्सुलिनला शरीराची साथ थोडी सुधारलेली, एचबीएवनसीत मात्र ठोस फरक नाही. हा गुण अख्ख्या दाण्याच्या भुकटीचा होता, तेलाचा किंवा अर्काचा नव्हता. तुलनेसाठी सांगायचं तर मेटफॉर्मिनची गोळी एचबीएवनसी एक टक्क्याच्या आसपास उतरवते. जवसाची आणि गोळीची बरोबरी होत नाही.

साखरेच्या बाहेर पाहिलं तर चित्र थोडं उजळ आहे. २००९ सालच्या एका एकत्रित अभ्यासात दळलेल्या जवसानं एलडीएल साधारण सहा मिलिग्रॅमनं उतरलेलं दिसलं. पाळी गेलेल्या बायकांत हा परिणाम अधिक ठळक होता. ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्टेरॉल मात्र बदललं नाही. रक्तदाबावर सगळ्या चाचण्यांची सरासरी काढली तर घट दोन-तीन अंकांचीच दिसते. पण कॅनडातल्या विनिपेगमध्ये पायांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या ११० रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा १० अंकांनी आणि खालचा ७ अंकांनी कमी राहिला. रक्तदाब मुळातच जास्त असेल आणि काळ लांब असेल तर गुण जास्त दिसतो, असा त्याचा अर्थ. वजनाचंही तसंच. ४५ चाचण्यांच्या हिशेबात जवस खाणाऱ्यांचं वजन सरासरी एक किलो आणि कमरेचा घेर एक सेंटिमीटरहून थोडा कमी उतरला.

तात्पर्य असं: दाणा दळून खाल्ला, रोज खाल्ला आणि तीन महिन्यांच्या वर खाल्ला, तर हृदयाच्या बाजूनं थोडा फायदा आणि साखरेच्या बाजूनं अगदी थोडा. तेलाच्या कॅप्सूलमध्ये डिंक नाही आणि तंतूही नाहीत. मधुमेहासाठी त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

चटणीचा हिशेब

आता टेंभुर्णीच्या ताटाकडं येऊ. जेवताना भाकरीवर घेतलेली चटणी म्हणजे तीन-चार ग्रॅम. त्यातला काही वाटा तिखट, लसूण आणि मिठाचा. दोन वेळच्या जेवणात मिळून पोटात पाच-सहा ग्रॅम जवस जातं. चाचण्यांत दिलेली मात्रा १० ते ३० ग्रॅमची. मग चटणी दुप्पट-तिप्पट करावी का? तिथं मीठ आडवं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत राहायला हवं, आणि शुगर असलेल्या घरात रक्तदाबही बहुधा असतोच. रक्तदाब उतरावा म्हणून खाल्लेल्या चटणीतून मीठ वाढलं तर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं होईल.

सोपा उपाय म्हणजे दोन डबे ठेवायचे. एकात नेहमीची चटणी, दुसऱ्यात नुसत्या भाजलेल्या जवसाची बिनमिठाची भुकटी. पोह्याचे दोन भरलेले चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम. एकदा काट्यावर तोलून बघितलं की अंदाज बसतो. ही भुकटी भाकरीच्या पिठात मळता येते, जवसाच्या चिकटपणामुळं ज्वारीचं पीठ धरायलाही मदत होते. ताकात, वरणात किंवा पातळ भाजीतही ती चालते. दहा ग्रॅम भुकटीतून २.७ ग्रॅम तंतू आणि अल्फा लिनोलेनिक आम्ल २.३ ग्रॅमच्या आसपास मिळतं. बाईला दिवसाला १.१ आणि पुरुषाला १.६ ग्रॅम आम्ल पुरेसं धरतात, म्हणजे दिवसाची गरज यातच भागते.

भाजण्यानं गुण जातात, ही भीती बऱ्याच जणांना वाटते. दाण्याच्या आतलं तेल भाजण्याची आच बऱ्यापैकी सोसतं. भाजण्याचा उलट एक फायदा आहे. कच्च्या जवसात सायनाइड सुटू शकेल असे पदार्थ थोड्या प्रमाणात असतात, ते भाजल्यानं कमी होतात. काढलेलं तेल मात्र लवकर बिघडतं, ते फोडणीला वापरू नये. भुकटीही थोडी-थोडी करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. कडवट चव किंवा तेलरंगासारखा वास आला की टाकून द्यावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, कशाच्या जागी? तीस ग्रॅम जवस म्हणजे १६० कॅलरी, मध्यम आकाराच्या पाऊण भाकरीच्या जवळपास. भाकरी, भात, चहातली साखर आहे तशी ठेवून वरून जवस घातलं तर ती भर पोटाच्या घेरात जमा होईल. इंडियाब पाहणीच्या २०२५ साली आलेल्या विश्लेषणात दिसलं, की भारतीयांच्या उष्मांकांतला ६२ टक्के वाटा पिष्ट पदार्थांचा आहे. तांदूळ सोडून गहू किंवा भरडधान्य धरलं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून चार खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दोन भाकरी, जवस, वाटीभर वरण किंवा मटकीची उसळ आणि पालेभाजी, अशी ताटाची फेरमांडणी झाली तर जवसाचं काम सुरू होतं.

कुणी जपावं

सुरुवात अर्ध्या चमच्यानं करावी आणि पाणी भरपूर प्यावं. पाण्याशिवाय जास्त जवस खाल्लं तर पोट साफ होण्याऐवजी बांधलं जातं. आतड्याला अडथळा किंवा गिळायला त्रास असेल तर ते टाळावं. डिंकामुळं औषधं रक्तात उशिरा उतरू शकतात, म्हणून गोळी आणि जवस यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर रोज चमचे मोजून खाण्याआधी डॉक्टरांना सांगावं. चटणीपुरतं जवस या बहुतेकांना चालतं. प्रश्न मात्रा वाढवण्याचा आहे.

जवस सुरू केलं म्हणून गोळी बंद करणं हा या सगळ्यातला खरा धोका. साखर वाढली तरी आठवडेच्या आठवडे काही दुखत नाही. डोळा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसांचं नुकसान त्या काळात गुपचूप होत राहतं.

ज्याला स्वतःवर पडताळून पाहायचं आहे त्यानं आधी आकडे लिहून ठेवावेत: एचबीएवनसी, लिपिड तपासणी, रक्तदाब, कमरेचा घेर. औषधं आहेत तीच ठेवून बारा आठवडे रोज १० ते १५ ग्रॅम दळलेलं जवस खावं, तेवढ्या उष्मांकांची भाकरी किंवा भात कमी करावा आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावं. एचबीएवनसीतला एक-दोन दशांशांचा फरक यंत्राचाही असू शकतो, त्यावर हुरळून जाऊ नये. एलडीएल पाच-सात अंकांनी उतरलं, पोट साफ राहिलं आणि शुगर जवळपास होती तिथंच राहिली, तर जवस नापास झालं असं समजायचं कारण नाही. चाचण्यांत भाग घेतलेल्या बहुतेकांच्या पदरात एवढंच पडलं आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर, चवीसकट आणि थोड्या पैशांत ते मिळत असेल, तर गोळ्या चालू ठेवून ते घ्यावं.